पगाराची स्लिप जपून ठेवा: अपघाताचा क्लेम आणि नोकरीचे हक्क, नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मला येणारे फोन साधारण दोनच प्रकारचे असतात. एक, "दादा, कंपनीने फुल अँड फायनल अडकवलंय, काय करू" (म्हणजे नोकरी सोडतानाचा शेवटचा हिशोब) आणि दुसरा, "मेहुण्याचा ॲक्सिडेंट झालाय, क्लेम कसा टाकायचा". मी वकील नाही, पण वकिलाच्या ऑफिसात बरीच वर्षं फायली लावल्यात, आणि सुरुवातीला मलाही वाटायचं की हे दोन अगदी वेगळे विषय आहेत, एक लेबरचा आणि एक मोटारचा. फायली लावता लावता कळलं की अपघाताच्या क्लेममध्ये अर्धं भांडण नोकरीच्या कागदांवरच चालतं. गाडी कोणाची, चूक कोणाची हे पोलीस पेपरवरून बऱ्यापैकी ठरतं, पण पैसे किती मिळणार हे ठरतं तुमच्या पगारावरून, म्हणजे खऱ्या पगारावरून नाही तर कागदावर सिद्ध होणाऱ्या पगारावरून. म्हणून दोन्ही एकत्रच लिहितोय.

आधी हिशोब कसा होतो ते बघा

मोटार अपघाताच्या दाव्यात भरपाई अंदाजाने देत नाहीत, फॉर्म्युला आहे. सुप्रीम कोर्टाने २००९ च्या सरला वर्मा केसमध्ये वयाप्रमाणे गुणक ठरवून दिला, आणि २०१७ मध्ये प्रणय सेठी केसमध्ये पुढे पगार किती वाढला असता ते किती टक्के धरायचं हे नक्की केलं. मृत्यूच्या केसमध्ये असं करतात: वर्षाचा पगार घ्यायचा, त्यातून इन्कम टॅक्स बसत असेल तर वजा करायचा, मग पुढच्या वाढीचे टक्के मिळवायचे. परमनंट नोकरी असेल आणि वय ४० च्या आत असेल तर ५० टक्के, ४० ते ५० असेल तर ३०, ५० ते ६० असेल तर १५. स्वतःचा धंदा किंवा फिक्स पगार असेल तर हेच आकडे ४०, २५ आणि १० होतात. त्यानंतर तो माणूस स्वतःवर जो खर्च करत होता तो कापतात, लग्न झालेलं असेल आणि अवलंबून असलेले दोन-तीन असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश, आणि अविवाहित असेल तर साधारण निम्मा. जे उरेल त्याला वयाचा गुणक लावायचा. १५ ते २५ वयाला १८, ३१ ते ३५ ला १६, ४१ ते ४५ ला १४, ५१ ते ५५ ला ११, असा तो खाली खाली येतो.

आता उदाहरण घेऊ. ३४ वर्षांचा माणूस, परमनंट, महिन्याला ३०,००० पगार, घरी बायको, दोन मुलं आणि आई. वर्षाचे झाले ३,६०,०००. त्यात ५० टक्के वाढ म्हणजे ५,४०,०००. चौथा हिस्सा कापला की ४,०५,०००. गुणिले १६. एकूण ६४,८०,०००.

आता हाच माणूस, हाच पगार, पण शेठ १८,००० बँकेत टाकतो आणि १२,००० पाकिटात घालून देतो. असं किती ठिकाणी चालतं हे मी सांगायला नको. कोर्टात सिद्ध होणार १८,०००. वर्षाचे २,१६,०००, वाढ धरून ३,२४,०००, चौथा हिस्सा कापून २,४३,०००, गुणिले १६ म्हणजे ३८,८८,०००. त्या पाकिटामुळे घरच्यांचे २५,९२,००० गेले. आणि काहीच कागद नसेल तर कोर्ट बहुतेक वेळा सरकारच्या किमान वेतनाचा आधार घेऊन अंदाजे उत्पन्न धरतं, मग आकडा अजून खाली येतो.

ह्याच्या वर अंत्यविधीचा खर्च, बायकोमुलांच्या आणि आईवडिलांच्या सहवासाचं नुकसान वगैरे ठरलेल्या रकमा मिळतात, पण त्या हजारांत असतात, खरा आकडा पगारातूनच येतो. गृहिणी गेली तर "ती कमवत नव्हती" हा युक्तिवाद चालत नाही बरं का, तिच्या कामाचं उत्पन्न धरून हिशोब करावा लागतो, २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे अगदी सविस्तर सांगितलंय.

म्हणून आजच करायची गोष्ट

अपॉइंटमेंट लेटर, मागच्या सहा-बारा महिन्यांच्या स्लिप, बँकेचं स्टेटमेंट, फॉर्म १६, रिटर्न भरत असाल तर त्याच्या पावत्या, आणि पीएफचं पासबुक, हे सगळं कंपनीच्या मेलवर नाही तर स्वतःच्या मेलवर ठेवा आणि घरातल्या अजून एका माणसाला माहीत असू द्या. कंपनीचा मेल नोकरी सुटली त्या संध्याकाळी बंद होतो, आणि माणूस आयसीयूत असेल तर त्याच्या फोनचा लॉक कोणाला माहीत नसतो. हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये, असं खरंच होतं.

अपॉइंटमेंट लेटर दिलंच नसेल तर मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही नवे लेबर कोड, म्हणजे कामगार कायदे, लागू झालेत आणि त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. "आमच्याकडे तशी पद्धत नाही" असं म्हणाले तर निदान व्हॉट्सॲपवर नाहीतर मेलवर लिहून विचारा, की सर माझी जॉइनिंग डेट अमुक, पगार तमुक, बरोबर ना? समोरून नुसतं "ओके" आलं तरी तो एक पुरावा झाला. रिटर्न भरताना उत्पन्न कमी दाखवणारे छोटे धंदेवाले असतात ना, त्यांनाही हेच लागू, टॅक्स वाचवायला जे दाखवलं तेच कोर्टात पकडतात. आणि अपघातानंतर घाईघाईने मागच्या वर्षांची रिटर्न भरली तर इन्शुरन्सचा वकील तारखेवर बोट ठेवणारच.

अपघात झाला त्या दिवशी

पहिलं काम माणूस वाचवणं, क्लेम नंतर. ११२ ला फोन करा, नॅशनल हायवेवर असाल तर १०३३ पण आहे. जखमीला हॉस्पिटलला नेणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही भीती अजून लोकांच्या मनात आहे, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, नाव सांगायचीही सक्ती नाही. आणि ५ मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, रस्ते अपघातातल्या जखमीला ठरवून दिलेल्या हॉस्पिटलमध्ये अपघाताच्या तारखेपासून ७ दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार. डिपॉझिट भरा मग बघू असं काउंटरवर म्हणाले तर ह्या योजनेचं नाव घेऊन विचारा, आणि बोलताना ११२ वर पोलिसांना कळवलंय हेही सांगा.

हॉस्पिटलमध्ये केसपेपरवर "रस्ता अपघात" असं लिहून घेणं फार महत्त्वाचं आहे. घाबरलेले नातेवाईक पोलीस लफडं नको म्हणून "घरात पाय घसरून पडला" असं सांगून टाकतात आणि मग सहा महिन्यांनी क्लेम टाकायला येतात, तेव्हा पहिलाच कागद विरोधात उभा असतो आणि वकील काहीही करू शकत नाही. जे झालं तेच लिहा, गाडीचा नंबर माहीत असेल तर तोही सांगा.

जागेवर कोणी धड असेल तर फोटो काढा, दोन्ही गाड्या हलवायच्या आधी, नंबर प्लेट दिसेल असे, रस्त्यावरच्या ब्रेकच्या खुणा, जवळच्या दुकानावर सीसीटीव्ही आहे का ते. फुटेज बऱ्याच ठिकाणी काही दिवसांत पुसलं जातं, पोलीस घेतील म्हणून वाट बघू नका, दुकानदाराला विनंती करा आणि पोलिसांनाही लेखी कळवा. समोरच्या गाडीचा इन्शुरन्स चालू आहे का हे एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून बघता येतं.

आणि "साहेब, हे घ्या दहा हजार, केस नको" असं ऐकलं की हाडाला किती लागलंय हे एक्स-रे व्हायच्या आधी कोणालाच माहीत नसतं एवढं लक्षात ठेवा.

एफआयआर उशिरा झाली म्हणून क्लेम आपोआप बुडतो असं नाही, माणूस आधी हॉस्पिटल बघणार हे कोर्टाला कळतं, फक्त उशीर का झाला ते एफआयआरमध्येच लिहून घ्या.

क्लेम कुठे टाकायचा, आणि किती दिवसांत

मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, लोक "एमएसीटी" किंवा ट्रिब्युनल म्हणतात, ते जिल्हा कोर्टातच असतं. जिथे अपघात झाला तिथे टाकता येतो, तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथे टाकता येतो, नाहीतर समोरचा जिथे राहतो तिथे. म्हणजे परगावी अपघात झाला तर तारखांना तिकडे जायची गरज नाही, आपल्या जिल्ह्यात टाका.

मुदत ६ महिने, अपघाताच्या तारखेपासून. १ एप्रिल २०२२ पासून ही मुदत आहे, त्याआधी बरीच वर्षं मुदतच नव्हती, त्यामुळे जुने लोक अजूनही "काही घाई नाही रे, कधीही टाकता येतो" असं सांगतात. त्यांचं ऐकू नका. ह्या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे हे खरं, पण दुसऱ्याच्या याचिकेच्या भरवशावर आपला क्लेम का ठेवायचा.

पोलिसांचंही एक काम आहे जे लोकांना माहीतच नसतं. २०२२ च्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल ट्रिब्युनलला आणि इन्शुरन्स कंपनीला द्यायचा, आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा, आणि ट्रिब्युनल त्या अहवालालाच अर्ज धरून पुढे जाऊ शकतं. प्रत्यक्षात हे सगळीकडे वेळेवर होतंच असं नाही. म्हणून पोलीस स्टेशनला जाऊन अहवाल पाठवला का विचारा, आणि उत्तर काहीही आलं तरी स्वतःचा अर्ज मुदतीत टाका.

कागद लागतात ते असे: एफआयआर, स्पॉट पंचनामा, जखमी असेल तर इंज्युरी सर्टिफिकेट आणि डिस्चार्ज कार्ड, मृत्यू असेल तर पीएम (पोस्टमॉर्टेम) रिपोर्ट, दोन्ही गाड्यांचे आरसी आणि इन्शुरन्स, ड्रायव्हरचं लायसन्स, औषधांची बिलं ओरिजिनल, वयाचा पुरावा, आणि पुन्हा तेच, पगाराचे कागद. मेडिक्लेममधून बिल भरलं गेलं असेल तर तो खर्च क्लेममध्ये मागता येतो का हा प्रश्न फार येतो. मुंबई हायकोर्टाच्या फुल बेंचने २०२५ मध्ये सांगितलंय की मेडिक्लेमचे पैसे मिळाले म्हणून अपघाताच्या भरपाईतून ते वजा करायचे नाहीत, कारण त्याचा हप्ता तुम्ही वेगळा भरलेला असतो. त्यामुळे टीपीएला (मेडिक्लेमची बिलं बघणारी कंपनी) ओरिजिनल बिलं देण्याआधी सगळ्याची झेरॉक्स काढून ठेवा. तसंच पीएफ, एलआयसी, पेन्शन हे पैसे घरच्यांना मिळाले म्हणून भरपाई कमी होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्येच सांगून ठेवलंय, तरी इन्शुरन्सचे लोक तडजोडीच्या बैठकीत हे काढतातच.

चूक सिद्ध करता येत नसेल तर कलम १६४ आहे, तिथे चूक कोणाची हे न बघता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तर हिट अँड रनची वेगळी योजना, मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५०,०००.

आपलीच गाडी आपणच घसरवली तर? तिथे थर्ड पार्टी इन्शुरन्स कामाचा नाही, कारण तो दुसऱ्याला देण्यासाठी असतो. तिथे मालक-चालकाचा पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर लागतो, १५ लाखांचा, आणि बरेच जण दोनशे-चारशे वाचवायला तो काढून टाकतात किंवा एजंटने टाकलाय की नाही हे बघतच नाहीत. पॉलिसी उघडा आणि बघा. टू-व्हीलरच्या मागे बसणाऱ्याचंही तसंच, पॉलिसी नुसती थर्ड पार्टी असेल तर आपल्याच गाडीच्या कंपनीकडून मागच्या माणसाला सहसा मिळत नाही, पॅकेज (कॉम्प्रिहेन्सिव्ह) पॉलिसी असेल तर मिळतं. अर्थात समोरच्या गाडीची चूक असेल तर तिच्या कंपनीकडून मागता येतंच, आणि दोघांची चूक असेल तर मागे बसलेला माणूस दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो.

ड्रायव्हरचं लायसन्स खोटं किंवा संपलेलं निघालं तर बऱ्याच केसमध्ये कोर्ट इन्शुरन्स कंपनीला सांगतं, आधी पीडिताला द्या आणि मग गाडीच्या मालकाकडून वसूल करा. गाडीचा इन्शुरन्सच नसेल तर मात्र मालकाच्या मागे लागावं लागतं, आणि तो रस्ता लांबचा आहे.

दुखापतीच्या केसमध्ये टक्क्यांचा घोळ

डॉक्टर सर्टिफिकेट देतात, "४० टक्के अपंगत्व", आणि लोकांना वाटतं कमाईचं नुकसानही ४० टक्केच. तसं नसतं. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये राज कुमार केसमध्ये सांगितलं की अपंगत्वाचे टक्के वेगळे आणि कमाईवर झालेला परिणाम वेगळा. टेबलवर बसून काम करणाऱ्याचा पाय गेला तर त्याचं काम बऱ्यापैकी चालू राहील, ट्रक ड्रायव्हरचा गेला तर त्याची ड्रायव्हरकी पूर्ण संपली. म्हणून तुम्ही रोज नेमकं काय काम करत होता, किती तास उभं राहावं लागायचं, वजन उचलावं लागायचं का, हे कंपनीकडून लेखी घ्या. आणि शक्य असेल तर ज्याने ऑपरेशन केलं किंवा सर्टिफिकेट दिलं त्या डॉक्टरची साक्ष घ्या, नुसता कागद लावला आणि डॉक्टर आलाच नाही तर टक्के कमी धरले जातात.

आणि इथेच एक चूक होते जी मला सगळ्यात जास्त खटकते. माणूस चार महिने घरी, एचआरचा फोन येतो, "तुम्ही राजीनामा द्या, आपण चांगल्या प्रकारे वेगळे होऊ, एक्सपीरियन्स लेटर छान देतो". बिचारा देतो लिहून, "वैयक्तिक कारणास्तव राजीनामा". पुढे कोर्टात इन्शुरन्सचा वकील तोच कागद दाखवतो आणि म्हणतो, अपघातामुळे नोकरी गेलेली नाही, ह्याने स्वतःच्या मर्जीने सोडली. झालं! म्हणून सोडायचीच वेळ आली तर राजीनाम्यात खरं कारण लिहा, की अमुक तारखेच्या अपघातातल्या दुखापतीमुळे मला हे काम करणं शक्य नाही. कंपनी काढत असेल तर काढल्याचं पत्र घ्या. आणि जबरदस्तीने सही घेतली असेल तर त्याच दिवशी स्वतःच्या मेलवरून कळवा की ही सही दबावाखाली घेतली, दोन महिन्यांनी कळवून उपयोग होत नाही. ह्या काळात ज्या सुट्ट्या खर्च झाल्या, बिनपगारी गेल्या, त्यांचंही पत्र मागा, ते नुकसान पण क्लेममध्ये मागता येतं.

सरकारी नोकरीत असाल तर थोडं बरं, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून काढता येत नाही, दुसऱ्या पदावर घ्यावं लागतं किंवा पद मिळेपर्यंत जादा पदावर ठेवावं लागतं.

कामावर जाता-येता अपघात झाला तर कंपनी देते का

आता हा प्रश्न पूर्वी फार अडकायचा. कंपनी म्हणायची, गेटच्या आत आला असता तर आमची जबाबदारी. आपल्याच मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याच्या वॉचमनची केस आहे, पहाटे ३ ची ड्युटी, कामावर जाताना एप्रिल २००३ मध्ये कारखान्यापासून पाचेक किलोमीटरवर अपघात होऊन वारला. कामगार भरपाई आयुक्तांनी पैसे मंजूर केले, हायकोर्टात उलटं झालं, आणि शेवटी जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने घरच्यांच्या बाजूने निकाल दिला की घरून कामावर जाताना आणि कामावरून घरी येताना झालेला अपघात, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध जुळत असेल तर, कामातलाच धरायचा. बावीस वर्षं लागली! नव्या सामाजिक सुरक्षा कोडमध्ये तर हे सरळ लिहूनच टाकलंय.

मग दोन दारं उघडी झाली ना, एक मोटारचा क्लेम आणि एक कामगार भरपाईचा. पण दोन्हीकडून घेता येत नाही, एक निवडावं लागतं. कामगार भरपाईत चूक कोणाची हे सिद्ध करायची गरज नसते, म्हणजे स्वतःची चूक असली किंवा गाडी सापडली नाही तरी मिळू शकतं, पण पगाराला सरकारने ठरवलेली वरची मर्यादा लागते त्यामुळे पगार चांगला असेल तर आकडा छोटा निघतो. माझं मत विचाराल तर समोरच्या गाडीची चूक स्पष्ट आहे, इन्शुरन्स चालू आहे आणि पगाराचे कागद आहेत तर मोटारचा क्लेम. ह्यातलं काही लंगडं असेल तर वकिलाला दोन्ही आकडे कागदावर मांडायला सांगा आणि मग ठरवा. आधी कुठेतरी अर्ज टाकून बसू नका.

ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा) असाल, म्हणजे २१,००० पर्यंत पगार, तर मालकाला लगेच अपघात कळवा आणि अपघात रिपोर्ट भरायला लावा. कामातला अपघात म्हणून नोंद झाली तर बरे होईपर्यंत पगाराच्या साधारण ९० टक्के मिळतात. साधं आजारपण म्हणून नोंद झाली तर ७० टक्के, तेही वर्षात ९१ दिवस. फरक फक्त फॉर्मवर काय लिहिलं ह्याचा, म्हणून फॉर्म वाचून सही करा.

नोकरी सुटली, पैसे अडकले

अपघात नसला तरी हे सगळ्यांना लागतं. वेतन कोडप्रमाणे राजीनामा दिला किंवा काढलं तरी पगाराचा हिशोब २ कामकाजाच्या दिवसांत द्यायचा आहे. "आमची पॉलिसी ४५ दिवसांची आहे" हे एचआरचं पाठ केलेलं वाक्य, त्यांना लेखी विचारा की ही पॉलिसी कायद्याच्या वर कशी. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, आणि ओव्हरटाइम दुप्पट दराने. पगारातून कापाकापी करायची तरी एकूण ५० टक्क्यांच्या वर नाही. थकलेल्या पगाराचा दावा ३ वर्षांपर्यंत करता येतो.

ग्रॅच्युइटीला ५ वर्षं लागतात हे सगळ्यांना माहीत आहे. माहीत नसतं ते असं की माणूस नोकरीत असताना गेला किंवा अपंगत्वामुळे काम सुटलं तर ५ वर्षांची अट नाही, दीड वर्ष झालं असेल तरी मिळते. हिशोब सोपा, शेवटचा पगार भागिले २६ गुणिले १५ गुणिले वर्षं, आणि जास्तीत जास्त २० लाख. फिक्स्ड टर्मवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर नव्या कोडात एका वर्षावर पण हक्क आहे. कंपनी स्वतःहून सांगेल अशी वाट बघू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या.

कामावरून काढलं असेल तर तुम्ही कायद्याच्या भाषेत "कामगार" आहात का हे आधी बघावं लागतं. पदाचं नाव काय आहे ह्याला फारसं महत्त्व नाही, एक्झिक्युटिव्ह लिहिलेलं असतं आणि काम मशीनवरचं असतं, कोर्ट काम बघतं. कामगार असाल आणि एक वर्षाची सलग नोकरी झाली असेल तर नोकरकपातीत एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. तक्रार सहायक कामगार आयुक्तांच्या ऑफिसात, साध्या कागदावर चालते, सोबत स्लिप आणि मेलच्या प्रिंट लावा. मॅनेजर लेव्हलचे असाल तर हा रस्ता नाही, तुमचं करारपत्र आणि सिव्हिल कोर्ट.

वकील आणि फी

हॉस्पिटलच्या दारात "दादा, क्लेमचं आम्ही बघतो, आत्ता काही देऊ नका, मिळालं की ३० टक्के" म्हणणारी माणसं भेटतात. निकालावर टक्केवारीची फी वकिलाने ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. फी आकड्यात ठरवा, लिहून घ्या, कोऱ्या वकालतनाम्यावर आणि कोऱ्या चेकवर सही नको. परवडत नसेल तर जिल्हा कोर्टातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि कारखान्यातले कामगार ह्यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००.

लोक अदालतीत तडजोड करायची का हाही प्रश्न येतो. तिथे पैसे लवकर मिळतात पण त्यावर सहसा अपील नाही, म्हणून जायच्या आधी वरचा फॉर्म्युला घरी कागदावर मांडा. समोरचा ३० लाख म्हणाला आणि तुमचा हिशोब ३४ येतोय तर मी म्हणेन घ्या आणि मोकळे व्हा, वर्षानुवर्षं तारखा कोणाला झेपतात. पण तुमचा हिशोब ६४ येतोय आणि ते ३० म्हणतायत तर उठून या, आणि जखमीवर अजून एखादं ऑपरेशन बाकी असेल तर ते होईपर्यंत कसलीही तडजोड करू नका. ट्रिब्युनलचा निकाल पटला नाही तर हायकोर्टात ९० दिवसांत अपील, आणि रकमेवर व्याज सहसा अर्जाच्या तारखेपासून मिळतं, त्यामुळे उशीर झाला तरी ते सगळंच पाण्यात जात नाही.

आणि जाता जाता एक काम, पाच मिनिटांचं. पीएफच्या पोर्टलवर ई-नॉमिनेशन केलंय का, म्हणजे वारसाचं नाव टाकलंय का बघा. पीएफमध्ये असलेला माणूस नोकरीत असताना गेला तर ईडीएलआय विम्याचे ७ लाखांपर्यंत घरच्यांना मिळतात, त्यासाठी तुमच्या पगारातून एक रुपया कापत नाहीत म्हणून बऱ्याच जणांना तो आहे हेच माहीत नसतं. नॉमिनेशनमध्ये अजून लग्नाआधी टाकलेलं वारसाचं नाव असेल तर ते आजच बदला.